आधी ओल बघा, मग वॉलपेपर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दहा बाय चौदा फुटांचं तळघर, उंची सव्वासात फूट, छताला चिकटून एकच छोटी खिडकी आणि एका कोपऱ्यात कायमचा कुबट वास. तिथे तुम्हाला कामाचं टेबल हवंय, पाहुण्यांसाठी पलंग हवाय आणि घरभरची अडगळ मावेल अशी कपाटंही हवीत. वॉलपेपर घेऊन झालाय. आता लॅमिनेटची फरशी कोणत्या रंगाची घ्यावी, एवढंच तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तो कोपरा कुबट का झालाय हे कळेपर्यंत एकही वस्तू खाली नेऊ नका.

हे मी स्वतः हात पोळल्यावर सांगतोय. बारा वर्षांपूर्वी आमचं तळघर मी हौसेनं सजवलं. भिंतींना प्लायवूड, खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, बाहेरच्या भिंतीला टेकवून दोन मोठी कपाटं. काम करणाऱ्याने "वॉटरप्रूफ रंग मारलाय, काळजी सोडा" म्हणून सांगितलं आणि मीही सोडली. पावसाचे दिवस संपले, एक कपाट जरा सरकवलं, तर मागे हातभर काळी बुरशी. आतल्या फोटो अल्बमची पानं एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवताना चेहरेच निघून आले. प्लायवूड, गालिचा सगळं फेकलं. भिंतीला ओल होतीच. मी फक्त तिच्यावर पांघरूण घातलं होतं.

तेव्हा आधी एक साधी परीक्षा करा. साधारण दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि फरशीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा. दुसरा तसाच कुबट कोपऱ्यातल्या भिंतीवर. दोन दिवस हात लावू नका, मग उचलून बघा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब किंवा फरशी काळपट ओली दिसली, तर पाणी जमिनीतून वर येतंय. वरची, म्हणजे खोलीकडची बाजू ओलसर असेल, तर हवेतला दमटपणा थंड पृष्ठभागावर साचतोय. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि लोक नेमका इथेच घोळ घालतात. भिंतीवर पांढरी भुकटी किंवा रंगाचे पोपडे दिसत असतील तर परीक्षेची वाटही बघू नका. भिंतीतून पाणी झिरपत आलं, सुकलं आणि आपले क्षार मागे ठेवून गेलं, याची ती खूण आहे.

दुसरा प्रकार, हवेतली ओल, फसवी असते. वास आला की आपण खिडकी उघडतो. बाहेर हवा कोरडी असेल तर ठीक. पण बाहेर 30 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा 24 अंशांच्या आसपास थंड होताच पाणी सोडायला लागते. तळघराची फरशी मातीला टेकलेली, ती 22 अंशांवर असेल तर तिला घाम फुटणारच. म्हणजे वारा खेळावा म्हणून तुम्ही खिडकी उघडता आणि आत पाणी घेता. अशा दिवसांत खिडकी बंद ठेवून डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचून टाकीत साठवणारं यंत्र, चालवायचा. त्याची टाकी रोज कोण रिकामी करणार? पंधरा दिवसांत सगळे कंटाळतात. म्हणून नळी जोडून पाणी थेट सांडपाण्याच्या जाळीत सोडता येईल असाच घ्या. तळघर फार थंड असेल, पंधरा अंशांच्या खाली, तर नेहमीच्या कॉम्प्रेसरच्या यंत्राचा जोर कमी पडतो. आणि एक छोटा आर्द्रतामापक भिंतीवर टांगा. आकडा 50 च्या आसपास असावा, 60 च्या वर टिकून राहायला लागला की बुरशीला आमंत्रण. नाकावर विसंबू नका, रोजच्या वासाची नाकाला सवय होते.

जमिनीतून ओल येत असेल तर उपाय बहुतेक वेळा घराबाहेर सापडतो. छपराच्या पन्हळीचा पाइप कुठे उतरतो ते आज जाऊन बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर 25 मिलिमीटर पाऊस झाला तर अडीच हजार लिटर. ते सगळं पायाशी ओतलं जात असेल तर आतून कितीही रंग मारा. पाइप निदान दीड-दोन मीटर लांब न्या, पन्हळीतला पालापाचोळा काढा, आणि भिंतीलगतची जमीन बाहेरच्या दिशेने उतरती करा. पहिल्या तीन मीटरमध्ये पंधरा सेंटिमीटर उतार मिळाला तर उत्तम. भिंतीला खेटून फुलझाडांचा वाफा असेल आणि त्याला रोज पाणी घालत असाल, तर तुमच्या कुबट कोपऱ्याचा गुन्हेगार बहुधा तोच. एवढं केल्यावर निम्म्याहून अधिक घरांत काम भागतं, असा माझा अनुभव. नाही भागलं तर बाहेरून खणून जलरोधक थर देणं किंवा आतून फरशीच्या कडेला निचरा काढून पंप बसवणं हे मोठं काम आहे. तिथे जाणकार माणूस बोलवा. आतून मारायच्या साध्या रंगाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. बाहेरून पाण्याचा दाब असला की तो रंग फुगून निघतो.

हे सगळं होऊन पावसाच्या दिवसांतही तळघर कोरडं राहिलं, की मग सजावट. तुमची लॅमिनेट मी बादच करतो. तिच्या पोटात लाकडाचा भुसा दाबलेला असतो, पाणी प्यायली की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. सिरॅमिक टाइल सगळ्यात निर्धास्त. पायाला थंड लागते, म्हणून वर उचलून धुता, वाळवता येतील अशा सुट्या सतरंज्या टाका. लाकडासारखंच दिसणारं हवं असेल तर पूर्ण विनाइलच्या पट्ट्या घ्या. भिंतींचं तसंच. कागद चढवलेला जिप्सम बोर्ड म्हणजे बुरशीची मेजवानी. आच्छादन हवंच असेल तर सिमेंट बोर्ड लावा आणि खालची कड फरशीपासून बोटभर वर ठेवा, म्हणजे फरशीवर पाणी आलं तरी बोर्ड ते शोषणार नाही. खरं तर इतक्या लहान खोलीत भिंतीला आच्छादन म्हणजे दोन्हीकडून चार-चार बोटं जागा घालवणं. गिलावा नीट करून श्वास घेणारा, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारा रंग द्या, पुरे.

आता तुमच्या तीन इच्छा. एकशेचाळीस चौरस फुटांत तिन्ही कोंबल्या तर खोली कोणाचीच राहत नाही. टेबलावर काम करताना मागे ट्रंकांचा ढीग आणि पाहुणे आले की लॅपटॉप उचलून पळायचं. एक मुख्य काम ठरवा, एक दुय्यम. मी तुमच्या जागी कामाची खोली मुख्य ठेवीन, साठवण दुय्यम, आणि पलंग वरच नेईन.

पलंगाला माझा विरोध आवडीनिवडीचा नाही. आग लागली आणि जिना धुराने भरला, तर झोपेतून उठलेला पाहुणा छताजवळच्या त्या एवढ्याशा खिडकीतून बाहेर पडणार कसा? बऱ्याच ठिकाणच्या बांधकाम नियमांत झोपायच्या खोलीला माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी किंवा दुसरं दार सक्तीचं असतं, ते याचसाठी. शिवाय रेडॉन. मातीतल्या युरेनियमच्या विघटनातून निघणारा हा किरणोत्सारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो फरशीच्या भेगांतून येऊन सगळ्यात खालच्या मजल्यावर साचतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर त्याचं नाव घेतलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटर हवेमागे 100 बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) ही संदर्भ पातळी सुचवली आहे. तुम्ही रोज आठ तास खाली बसणार असाल तर चाचणीचं छोटं किट आणून एकदा मोजाच. जास्त निघाला तर फरशीखालून पाइप काढून पंख्याने तो बाहेर सोडता येतो, घाबरण्यासारखं काही नाही. आणि गॅस सिलिंडर, पेट्रोल, थिनर यातलं काहीही खाली ठेवू नका. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळघरात तळ्यासारखा साचून राहतो.

उजेडाबद्दल सविस्तर सांगतो, कारण तळघर सुधारतं ते उजेडाने. लोक छताच्या मधोमध एक झगझगीत पांढरा दिवा लावतात. कोपरे काळे राहतात, छत आणखी खाली आल्यासारखं वाटतं आणि खोलीला गोदामाची कळा येते. उजेड भिंतींवर पडू द्या. छताच्या कडेने, भिंतीपासून हातभर अंतरावर चार-सहा छोटे दिवे, टेबलावर वेगळा दिवा, दूरच्या कोपऱ्यात जमिनीवर उभा एक. तुमच्या खोलीला सगळे मिळून साधारण चार हजार ल्युमेन (उजेडाचं माप, दिव्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं) लागतील, उजेडाचा रंग 3000 केल्विनच्या आसपास, म्हणजे उबदार पिवळसर. दोन-तीन बटणांवर वाटून घ्या. खिडकीबाहेरचा खड्डा आतून पांढरा रंगवा, तळाला फिकट खडी टाका, आणि समोरच्या भिंतीवर आरसा लावा. दिवसाउजेडी फरक लगेच कळतो.

पांढऱ्या रंगाने खोली उजळते हा समज तळघरात खोटा ठरतो. नैसर्गिक उजेड कमी असला की शुभ्र पांढरा राखाडी, आजारी दिसतो. सायीचा, वाळूचा, फिकट गेरूचा रंग घ्या आणि छतालाही तोच द्या, म्हणजे भिंत कुठे संपली हे डोळ्याला चटकन कळत नाही. फॉल्स सीलिंगच्या भानगडीत पडू नका. सव्वासात फुटांतले चार-सहा इंच गेले तर छत डोक्यावर आल्यासारखं वाटेल, आणि उद्या पाइप गळला तर सगळं फोडावं लागेल. पाइप उघडेच ठेवून छताच्याच रंगात रंगवा.

साठवणीसाठी जिन्याखाली चाकांचे खोल खण करून घ्या, तिथे बरंच मावतं. बाकी लोखंडी उघडे रॅक, फरशीपासून दहा सेंटिमीटर वर आणि बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सुटे, मागून हवा फिरली पाहिजे. पुठ्ठ्याची खोकी नकोत, ती सादळतात आणि झुरळांना घर मिळतं. झाकणाचे प्लास्टिक डबे घ्या, पण आत ठेवायचं ते पूर्ण वाळवून. फोटो, कागदपत्रं, रेशमी कपडे खाली कधीच नकोत. विजेचे सॉकेट फरशीपासून निदान गुडघाभर उंच घ्या आणि त्या लाइनला 30 मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवा.

आणि तो वॉलपेपर परत होत नसेल तर जिन्यालगतच्या आतल्या भिंतीला लावा. तिच्या पलीकडे माती नाही. प्लास्टिकची कुठली बाजू ओली निघाली ते कळवा, मग फरशीचं बोलू.