वाचकांचे प्रश्न : बर्फ वितळताना उत्तरेकडच्या रानात

मुलाबाळांकडे अमेरिकेला किंवा कॅनडाला निघालेल्या मुंबईकरांची पत्रे फेब्रुवारीपासून वाढू लागतात. यंदा त्यांतील बरीच पत्रे एकाच विषयाची होती : तिकडचा हिवाळा सरत असताना नातवंडांना घेऊन रानात जावे की नाही. त्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही पासष्टी ओलांडलेले आहोत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीकडे, मिनेसोटातील डुलुथला जात आहोत. नातवंडे सहा आणि नऊ वर्षांची आहेत. जावई म्हणतात की या दिवसांत रानात नुसता चिखल असतो, त्यामुळे मेअखेरीशिवाय तिकडे फिरकू नये. आमचे परतीचे तिकीट त्याआधीचे आहे. एप्रिलमध्ये जाण्यासारखे काही असते का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : जावईबापूंचे चिखलाबद्दलचे म्हणणे खरे आहे, मेअखेरीपर्यंत घरात बसण्याचे मात्र पटत नाही. तेथील जमीन हिवाळ्यात खोलवर गोठलेली असते आणि ती वरून वितळू लागते. खालचा थर अजून घट्ट असल्यामुळे वितळलेले पाणी मुरायला जागाच मिळत नाही आणि वरची माती लोण्यासारखी मऊ होते. अशा वेळी पायवाटा तुडवल्या की त्या वर्षभरासाठी बिघडतात, म्हणून या दिवसांत काही वाटा बंद ठेवल्या जातात. निघण्यापूर्वी त्या त्या उद्यानाची सूचना पाहावी आणि बंद असलेल्या वाटेवर ‘थोडेसेच आत’ म्हणूनही जाऊ नये. उघड्या वाटेवर मध्येच चिखल लागला तर गमबुटांनी सरळ त्यातून जावे. कडेकडेने बगल दिली की वाट रुंदावत जाते आणि नुकतीच डोके वर काढणारी रोपे पायाखाली येतात. मुलांना हा नियम फार आवडतो, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या वयाचा आणि मुलांच्या वयाचा विचार करता मी लांबच्या वाटा सोडून देईन. डुलुथ शहरातच सुपीरियर सरोवराच्या काठाने ‘लेकवॉक’ नावाचा पक्का रस्ता आहे. शहरापासून साधारण ६५ किलोमीटरवर, महामार्ग ६१ वर गूजबेरी फॉल्स हे राज्य उद्यान आहे आणि तेथे माहिती केंद्रापासून धबधब्यापर्यंत जाणारी आखूड, पक्की वाट आहे. हिवाळ्यात गोठून मुका झालेला आणि उन्हाळ्यात बराच रोडावणारा हा धबधबा एप्रिलमध्ये वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने दुथडी भरून कोसळतो. जे पाहायला जावईबापू मेअखेरीस नेणार आहेत, ते एप्रिलमध्येच अधिक पाहण्यासारखे असते.

मात्र या पाण्याची एक रीत आपल्याला अपरिचित आहे. आपल्याकडे ओढा वाढणार की नाही, हे आपण डोंगरावरचे ढग पाहून ताडतो. तेथे आकाश निरभ्र आणि ऊन कडक असले, तरीही ओढ्याला पाणी चढते. रात्री पारा शून्याखाली गेलेला असल्याने सकाळी प्रवाह मंद असतो; दुपारच्या उन्हात बर्फ वितळतो आणि ते पाणी ओढ्यात पोहोचेपर्यंत दुपार कलते. सकाळी दगडांवर पाय ठेवून ओलांडलेला ओढा परतताना त्याच दगडांवरून ओलांडता येईलच असे नाही. म्हणून जेथे पूल नाही, तेथे मुलांना घेऊन ओढा ओलांडूच नये. धबधब्याजवळच्या खडकांवर तुषार रात्री गोठतात आणि सकाळी त्यांचा पारदर्शक थर खडकावर बसलेला असतो, जो डोळ्यांना नुसता ओला खडक वाटतो. या दोन्ही गोष्टी लक्षात घेता सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ मला सर्वांत सोयीची वाटते.

सावलीतल्या वाटांबद्दलही एक सूचना करतो. हिवाळाभर पायांनी दाबला गेलेला वाटेवरचा बर्फ सर्वांत शेवटी वितळतो. दोन्ही बाजूंचे रान मोकळे झालेले असते, पण वाटेच्या मधोमध निसरड्या बर्फाचा उंचवटा उरलेला असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर तर हमखास. बुटांवर चढवायच्या दातेरी साखळ्या तेथे खेळसामानाच्या दुकानात मिळतात. गुडघ्यांची तक्रार असेल तर त्या आणि एक काठी जवळ असावी. रबरी गमबूट चिखलात उत्तम, पण अशा बर्फावर ते घसरतात.

कपड्यांबाबत आपल्याकडची सवय आड येते. सुती बनियन, जीन्स आणि सुती मोजे भिजले की थंडगार होतात आणि लवकर वाळत नाहीत, उलट लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. आतून लोकरी किंवा थर्मल, वरून वारा अडवणारे जाकीट आणि मुलांसाठी मोज्यांचे दोन जादा जोड, एवढे पुरते. घरातून निघताना ऊन पाहून जाकीट गाडीत ठेवू नये. एप्रिलमध्ये सुपीरियर सरोवराचे पाणी गोठणबिंदूपेक्षा फारसे उबदार नसते आणि पूर्वेकडून वारा सुटला की काठावरचे तापमान बघता बघता उतरते.

आणि शेवटी ज्यासाठी मी एप्रिलच पसंत करीन ती गोष्ट. रानात बर्फाचे पाणी साचून काही उथळ डबकी तयार होतात. काठाला अजून बर्फ असतानाच त्यांतून बदकांच्या घोळक्यासारखा कलकलाट ऐकू येतो, पण बदक एकही दिसत नाही. तो आवाज असतो ‘वूड फ्रॉग’ या बेडकाचा. पाचोळ्याखाली हिवाळा काढताना त्याच्या शरीरातील निम्म्याहून अधिक पाणी गोठते, हृदय थांबते, श्वास थांबतो. यकृतातून रक्तात सोडलेली साखर पेशींना आतून गोठू देत नाही आणि बर्फ सरला की तो पुन्हा चालू लागतो. जवळ गेलात की कलकलाट तत्काळ बंद होतो. काही मिनिटे हालचाल न करता बसलात, तर आधी एक, मग दुसरा असे आवाज परत सुरू होतात. सहा वर्षांच्या मुलाला पाच किलोमीटर चालवण्यापेक्षा अशा डबक्याकाठी अर्धा तास बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मुलगा उत्तर ऑन्टॅरिओत राहतो. एप्रिलच्या सुरुवातीलाही तेथील तळ्यावर फूटभर जाडीचा बर्फ असतो आणि लोक त्यावर बसून मासेही धरतात, असे तो सांगतो. मग आम्ही नातवाला घेऊन त्यावर फेरी मारली तर काय बिघडले? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : फेरी मारू नये. एरवी मी इतके तोडून लिहीत नाही, पण येथे गरज आहे.

बर्फाच्या जाडीचे जे आकडे सांगितले जातात, ते नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फासाठी असतात. अशा बर्फावर पायी चालण्यासाठी किमान ४ इंच जाडी हवी, असे मिनेसोटाचे नैसर्गिक संसाधन खाते सांगते. पांढरा, बर्फाचा भुगा मिसळून झालेला थर असेल तर त्याच्या दुप्पट. आणि कोणताही बर्फ पूर्ण सुरक्षित नसतो, हेही तेच खाते बजावते. वसंतातल्या बर्फाला हे आकडे लागूच पडत नाहीत. ऊन बर्फात शिरते आणि स्फटिकांच्या सांध्यांतून तो आतून वितळू लागतो. परिणामी जाडी तीच राहते, पण एकसंध लादीऐवजी उभ्या कांड्या एकमेकींना टेकून उभ्या राहाव्यात तसा तो होतो. असा फूटभर बर्फही माणसाच्या वजनाने कांड्या सुटून खचतो. काठाजवळ, लव्हाळ्याच्या जागी, ओढा जेथे तळ्याला मिळतो तेथे आणि धक्क्याच्या खांबांभोवती तो आधी कच्चा होतो, म्हणजे नेमका जेथून आपण त्यावर पाऊल टाकणार तेथे. मासे धरणारे लोक ते तळे वर्षानुवर्षे ओळखतात, जागोजागी भोक पाडून पाहतात, आणि तरीही त्यांच्यातले काही जण दरवर्षी पाण्यात पडतात.

काठावर फिरतानाही मोठ्यांना पुढील गोष्ट ठाऊक असावी. थंड पाण्यात पडल्यावर पहिले मिनीट धाप लागण्याचे असते आणि त्यात केवळ तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास सावरायचा असतो. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटे. शुद्ध हरपायला मात्र तासाभराचा अवधी असू शकतो. ज्या बाजूने आलो त्याच बाजूला वळून, पाय झाडत पोटावर बाहेर सरकावे आणि उभे न राहता लोळत दूर जावे. वाचवणाऱ्याने बर्फावर जाऊ नये. काठावरूनच दोर, फांदी, ओढणी जे हाताशी असेल ते फेकावे आणि ९११ ला फोन करावा.

प्रश्न : सून म्हणते की रानातून आल्यावर सर्वांनी अंगावर गोचीड तपासायची. बर्फ पुरता गेलेलाही नसताना गोचीड कशी असेल? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : सूनबाईंचे ऐकावे. काळ्या पायांच्या गोचिडीची पूर्ण वाढलेली मादी पारा चार अंशांच्या वर गेला की हिंडू लागते, मग जवळपास बर्फाचे ढीग असोत वा नसोत. ती तिळाएवढी असते. मेपासून निघणारी पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी. तिच्या चाव्यातून लाइम हा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो. सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचा उपद्रव झाला, तोही गोचिडीमुळेच. तो मात्र विषाणूचा आजार असून त्याचा लाइमशी संबंध नाही.

फिरताना फिक्या रंगाची पँट मोज्यांत खोचावी, पाचोळ्यात लोळणे टाळावे आणि घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांमागचा भाग, कानांमागे आणि केसांच्या मुळाशी पाहावे. कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटे फिरवावेत. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, व्हॅसलीन, पेटती काडी हे आपले घरगुती उपाय करू नयेत. लाइमचा संसर्ग व्हायला बहुधा चोवीस तासांहून अधिक काळ ती चिकटून राहावी लागते, त्यामुळे त्याच दिवशी काढली तर धोका फार कमी होतो.

चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत त्वचेवर पसरत जाणारा लाल डाग आणि सोबत ताप ही लक्षणे दिसू शकतात, आणि तोवर आपण पार्ल्यात परतलेले असाल. डॉक्टर तापाला मलेरिया किंवा डेंग्यू समजून तपासण्या लिहून देतील, तेव्हा आपण कोणत्या देशात आणि कोणत्या रानात होता, हे न विचारताही सांगावे. वेळीच कळले तर अँटिबायोटिकने हा आजार बरा होतो.

प्रश्न : व्हरमाँटमध्ये मेपलचे सिरप तयार करताना पाहायला मुलांना कधी न्यावे? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : मार्च ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्यावर असेल, तेव्हाच झाडातून रस ठिबकतो. कळ्या फुगू लागल्या की चव बिघडते आणि हंगाम आटोपतो. कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ पाहिलेल्यांना ती वाफ आणि तो वास ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की मेपलच्या रसात साखर जेमतेम २ टक्के असते, त्यामुळे लिटरभर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. मुलांना झाडाला लावलेल्या नळीखाली बोट धरू द्यावे; रस पाण्यासारखा लागतो आणि गोडवा शेवटी जाणवतो. व्हरमाँटमधील निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत आणि या दिवसांत त्यांत गाड्या रुततात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून रस्त्याची चौकशी करावी. परतताना सिरपची बाटली घेतलीत तर ती चेक-इनच्या बॅगेत ठेवावी, कारण १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हातातल्या सामानातून नेऊ देत नाहीत.