लाखो फायली क्लाउडवरच्या व्हीएमशी लवकर सिंक कशा करायच्या?

तुमचा प्रश्न असा: इंदूरला मॅकवर कोड, मुंबईच्या क्लाउडवर उबुंटू लिनक्सचं व्हीएम (आभासी मशीन), ३ लाख फायली, ४० जीबी, आणि एससीपीला (फायली दुसऱ्या मशीनवर कॉपी करणारी कमांड) अख्खी रात्रही पुरत नाही.

दुखणं जीबीपेक्षा फायलींच्या संख्येत आहे. एससीपी एकेका फाइलला समोरून होकार आल्याशिवाय पुढे सरकत नाही. इंदूर-मुंबई जाऊन-येऊन एका फेरीला २० मिलिसेकंद धरा. फाइलमागे एकच फेरी मोजली तरी १०० मिनिटं नुसती वाट बघण्यात गेली.

म्हणून आधी संख्या छाटा. नोड मॉड्यूल्स (इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसचं फोल्डर), बिल्डचं आउटपुट, कॅशे पाठवूच नका. बहुतेक ढीग तिथेच असतो, आणि मॅकवर कंपाइल झालेली पॅकेजेस लिनक्सवर चालतही नाहीत. लॉकफाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) पाठवा, इन्स्टॉल व्हीएमवरच करा.

पहिली खेप टारने (सगळ्या फायलींचा एकच गठ्ठा बांधणारी कमांड), एसएसएचच्या (सुरक्षित रिमोट जोडणी) पाइपमधून थेट. २० एमबीपीएस अपलोडवर पूर्ण ४० जीबीला साडेचार तास लागतील. रात्री दहाला लावलीत तर इंदूरचा सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार, मिटेस्तोवर संपत येईल. मॅकचा टार जादा मेटाडेटासाठी ठिपका आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या जोडफायली घालतो, व्हीएमवर त्यांचा नुसता कचरा होतो. तो टाळायला 'कॉपीफाइल डिसेबल' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा. मध्येच लाइन तुटली तर घाबरू नका. टार फायलींची वेळ जशीच्या तशी नेतो, त्यामुळे नंतरचा आरसिंक (फक्त बदललेलं पाठवणारा प्रोग्राम) उरलेलंच उचलतो.

रोजच्या कामाला आरसिंक, आर्काइव्ह पर्यायासह. तो आकार आणि बदलाची वेळ ताडून पाहतो. वेळ जपली नाहीत तर दरवेळी सगळ्याच फायली त्याला बदललेल्या वाटतात. चेकसम पर्याय (फाइलचा मजकूरच ताडणारा) रोज लावू नका, दोन्हीकडच्या फायली तळापासून वाचल्या जातात. डिलीट पर्याय (मॅकवर नसलेल्या फायली व्हीएमवरून पुसणारा) लावण्याआधी ड्राय रन, म्हणजे काही न बदलता नुसती तालीम, केलाच पाहिजे. सोर्सच्या शेवटी स्लॅश असेल तर फोल्डरमधला मजकूर जातो, नसेल तर फोल्डरच. हा फरक विसरून डिलीट चालवलंत तर समोरचं भलतंच पुसलं जाईल.

सेव्ह करताच फाइल पोचायला हवी असेल तर म्युटाजेन (सतत सिंक करणारं साधन) घ्या आणि एकतर्फी मोड ठेवा. व्हीएमवरचा डेव्ह सर्व्हर 'डिस्कवर जागा नाही' म्हणाला आणि डिस्क रिकामी दिसली, तर आयनोटिफायची (फायलींतल्या बदलांवर लक्ष ठेवणारी लिनक्सची सोय) मर्यादा संपली असं समजा. जुन्या कर्नलवर ती ८१९२ असते. सिसकंट्रोल या कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने ती ५२४२८८ करा.

मॅक सहसा फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एकच मानतो, लिनक्स मानत नाही. मॅकवर चालणारा इम्पोर्ट व्हीएमवर सापडत नसेल तर सिंकला दोष देण्याआधी नावातलं पहिलं अक्षर बघा.