मुखत्यारपत्र आप्पांच्या आजारपणात चालणार नाही

प्रश्न: वडील (आम्ही आप्पा म्हणतो) ७४ वर्षांचे, आई ६९ची. चोपडा तालुक्यात साडेपाच एकर केळी आणि बँकेत १८ लाखांची एफडी, सगळं आप्पांच्या एकट्याच्या नावावर. वर्षभरापासून त्यांना विसर पडतो. डॉक्टर म्हणाले, ही सुरुवात आहे. बहीण धुळ्याला, भाऊ पुण्यात. ओळखीचे स्टॅम्पवाले सांगतात, जनरल मुखत्यारपत्र करून घ्या, नाहीतर सगळं बक्षीसपत्रानं तुमच्या नावावर करा. आप्पांचं एकच म्हणणं, "माले नळ्या लावू नका." काय करू?

उत्तर: भाऊ, त्या मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नका. तो कागद ज्या दिवशी लागेल, नेमका त्याच दिवशी बाद होईल. १८७२च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की, अधिकार देणारा वारला किंवा त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, की मुखत्याराचा अधिकार संपतो. आप्पा केळीचा हिशेब स्वतः सांगू शकतात तोवर ते चालेल, म्हणजे फारशी गरज नसते तोवर. नॉमिनेशन आणि मृत्युपत्र मरणानंतर कामाला येतात. माणूस जिवंत आहे पण सही करू शकत नाही, त्या मधल्या काळासाठी तुमच्या घरात आज एकही कागद नाही.

हे मी आमच्या मामांकडे पाहिलंय. लकवा मारला, बोलणं गेलं, ओळख गेली. एफडी ११ लाखांची, एकट्याच्या नावावर. मामी मुखत्यारपत्र घेऊन बँकेत गेल्या, साहेबांनी वाचून परत दिलं. सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर, त्यात एक बँकेचा माणूस, अंगठा चालतो; पण ज्याला काही कळतच नाही त्याचा अंगठा कोण घेणार? शेवटी मामींनी पाटल्या गहाण टाकल्या, त्याच शाखेत. नवऱ्याचे ११ लाख एका टेबलावर आणि सोनंतारणाचं व्याज दुसऱ्या टेबलावर. अशा वेळी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं, आपल्यासाठी संभाजीनगरचं खंडपीठ. वकील, तारखा, आणि इकडे दवाखान्याचं मीटर चालूच.

बक्षीसपत्राला माझा साफ नकार. घर आणि शेतजमीन मुलाच्या नावे करायला महाराष्ट्रात मुद्रांक फक्त २०० रुपये, म्हणून मोह होतो. पण जमीन वडिलोपार्जित असेल तर त्यात बहिणीचाही हिस्सा आहे, आप्पा एकटे ती देऊ शकत नाहीत. स्वकष्टार्जित असली तरी विसराळूपणाचं निदान झाल्यावर केलेल्या दस्ताला भाऊ-बहीण उद्या आव्हान देतील. आणि खरं सांगू? ७४व्या वर्षी माणसाचा हात स्वतःच्या पैशावर असलेला बरा.

मग पैशाचं काय? आप्पा आज सही करतात, तर याच आठवड्यात बचत खातं आणि एफडी आप्पा, आई आणि तुम्ही अशा तिघांच्या नावे करा, तिघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला या अटीवर. इथे एक मेख आहे. अशी एफडी मुदत संपल्यावर एकाच्या सहीनं मिळते, पण मुदतीआधी मोडायची तर बँक सगळ्यांच्या सह्या मागू शकते, आणि मग पुन्हा आप्पांची सही आलीच. म्हणून १८ लाख एका पावतीत ठेवू नका. तीन लाख बचत खात्यात, बाकीच्या तीन-तीन लाखांच्या पाच पावत्या, दर तीन महिन्यांनी एक पिकेल अशा. आयसीयूचे दिवसाला ३० हजार धरले तर तीन लाख म्हणजे १० दिवस. थोडं व्याज बुडेल, बुडू द्या. व्याजावरचा कर पहिल्या नावावरच, म्हणजे आप्पांकडेच राहील.

खात्यात नाव आलं म्हणजे पैसा तुमचा झाला, असं मात्र नाही. भाऊ-बहिणीला आधी सांगा, आणि कोणाला काय हे आप्पांच्या मृत्युपत्रात येऊ द्या. दर तिमाहीला खात्याचं स्टेटमेंट घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंत तर निम्मी कुरबुर तिथेच मिटेल.

नव्या आरोग्य विम्यामागे धावू नका. या वयात प्रीमियम भरमसाट, आणि आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण. फक्त योजनेतल्या दवाखान्यात चालतं. जवळचे कोणते, ते आत्ताच विचारून ठेवा.

आता नळ्यांचं. आप्पांचं ते वाक्य आज हवेत आहे. उद्या नाशिकच्या एखाद्या आयसीयूबाहेर तुम्ही ते सांगाल, भाऊ म्हणेल "काहीही करा, वाचवा", आणि डॉक्टर भावाचं ऐकतील. त्यांची काही चूक नाही. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रालाही, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे फारसं कोणी करत नव्हतं. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत, ते आप्पांच्या शब्दांत लिहा: व्हेंटिलेटर, नळीतून अन्न, पुन्हा पुन्हा डायलिसिस. आणि आप्पा सांगू शकणार नाहीत तेव्हा त्यांच्या वतीनं कोण बोलणार, त्यांची नावं. एकापेक्षा जास्त चालतात. तुमच्यासोबत भावाचंही घाला, म्हणजे तो बाहेर उभा राहून भांडणार नाही.

हा कागद दाखवला की लगेच नळ्या निघतात, असं नाही. आधी दवाखान्यातलं तीन डॉक्टरांचं मंडळ, मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर. दोघांचं एकमत झालं तरच, आणि न्यायदंडाधिकाऱ्याला कळवून. प्रत्येक मंडळानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. मनात आलं तर आप्पा इच्छापत्र लेखी रद्दही करू शकतात.

विसर पडतो म्हणजे सहीचा हक्क गेला, असं कायदा म्हणत नाही. सही करताना समज शाबूत हवी. म्हणून दवाखान्याची पुढची तारीख असेल त्या दिवशी, सकाळी, आप्पा ताजेतवाने असताना निघा. आधी डॉक्टरांकडून समज शाबूत असल्याचा दाखला, तिथून नोटरी, मग बँक. मृत्युपत्रावर डॉक्टरांनाच साक्षीदार घेता आलं तर उत्तम. वैद्यकीय इच्छापत्राची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आणि एक पुण्याला भावाच्या हातात.