वाचकांचे प्रश्न : जहाजाच्या यादीत बाई का सापडत नाही?

प्रश्न : आमची सून पेनसिल्व्हेनियाची. तिच्या आईकडच्या घराण्यातली मूळ बाई अ‍ॅना मारिया मिलर 1738 साली नवऱ्याबरोबर जर्मनीहून फिलाडेल्फियाला आली, एवढंच ठाऊक आहे. जहाजांच्या छापील याद्यांत तिचं नाव कुठेच नाही. शिवाय तिच्या मुलाचा जन्म एका कागदावर फेब्रुवारी 1742 आहे, दुसऱ्यावर 1743. नातवंडांसाठी वंशावळ करायची आहे. शोध कुठून धरावा? – एक वाचक, विटा

उत्तर : यादीत नाव नाही म्हणून ती त्या जहाजावर नव्हती, असं धरू नका. 1727पासून तिथे उतरणाऱ्या जर्मन पुरुषांकडून इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेत. उरलेल्या याद्या मुख्यतः त्या सह्यांच्या, म्हणजे 16 वर्षांवरच्या पुरुषांच्या. काही कप्तानांनी बायकामुलंही नोंदवली, पण तो नशिबाचा भाग. तेव्हा जहाज सोडा, चर्च धरा.

लुथरन आणि रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत मूल, आईवडील आणि धर्ममातापिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलासाठी उभे राहणारे, म्हणजे गॉडपेरेंट्स) यांची नावं असतात. आईचं माहेर बहुतेक वेळा नसतं. (आपल्या वंशावळीत तरी कुठे असतं?) म्हणून धर्ममातापित्यांकडे बघा. ते बरेचदा भावंडं, मेहुणे नाहीतर गाववाले असत. सगळ्या मुलांचे धर्ममातापिता एका कागदावर ओळीने उतरवा. एखादं आडनाव दोन-तीनदा आलं, तर ते माहेर असू शकतं. हा धागा झाला, पुरावा नव्हे.

पुरावा बहुधा 'टाउफशाइन'मध्ये मिळतो. हा पक्षी-फुलांच्या वेलबुट्टीचा रंगीत बाप्तिस्मा-दाखला. त्यात आईच्या नावापुढे 'गेबोरेने' असेल, तर पुढचा शब्द माहेरचं आडनाव. सुनेच्या माहेरी जुनं बायबल असेल तर त्याच्या पानांत आधी बघायला सांगा.

वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. 'म्युलरिन' हे वेगळं आडनाव नाही. 'इन' लागलं की म्युलर घरातली बाई. याच म्युलरचं पुढे मिलर झालं. दुसरं, जुन्या जर्मन कुरेंट लिपीत 'ई' हे अक्षर 'एन'सारखं दिसतं. मोडी जशी जाणकाराकडून वाचून घेतो, तशीच हीही घ्या.

जन्मसालाचं म्हणाल, तर दोन्ही कागद खरे असू शकतात. इंग्रजांच्या वसाहतींत 1752पर्यंत नवं वर्ष 25 मार्चला लागे. जर्मन पाद्री ते जानेवारीपासूनच मोजत. म्हणजे तोच फेब्रुवारी इंग्रजी हिशेबाने 1742चा, जर्मन हिशेबाने 1743चा. वंशावळीत 'फेब्रुवारी 1742/43' लिहा, एक साल खोडू नका.

नवरा मृत्युपत्राशिवाय वारला असेल, तर ऑर्फन्स कोर्टाचे, म्हणजे मयताच्या मालमत्तेची वाटणी बघणाऱ्या तिथल्या कोर्टाचे कागद काढा. वाटणीत विधवा आणि मुलं नावानिशी येतात. विधवा पुन्हा लग्न करी, तेव्हा ती नव्या आडनावाने दिसेल. नाव दिसेनासं झालं की वारली, असा निष्कर्ष नको. कौंटीही (तिकडचा जिल्हा) तपासा. बर्क्स कौंटी 1752 साली झाली. त्याआधीचे कागद लँकेस्टर, फिलाडेल्फिया किंवा चेस्टरला. तुमचा खानापूर तालुका नाही का 1949पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, तसंच.

जर्मनीतलं गाव कळेपर्यंत तिकडच्या चर्च-नोंदींच्या पोर्टलला पैसे भरू नका. नुसत्या 'अ‍ॅना मारिया म्युलर'वर ढीगभर बाया निघतील, आणि त्यातली एखादी वयाने जुळेलच.