पिवळं तिकीट आणि तुमचे चार लाख

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, रत्नागिरीला राहतो. मुलगी नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असते. तिथल्या एका विक्रेत्याने तिला सांगितलं की, स्कँडिनेव्हियातली जुनी, दुर्मिळ टपाल तिकिटं घेऊन ठेवा, वर्षाला 10 टक्के वाढ नक्की. त्याच्या माहितीपत्रकात एका पिवळ्या स्वीडिश तिकिटाची किंमत वाचून थक्कच झालो. शाळेत असताना मीही तिकिटं जमवायचो. 4 लाख रुपये घालावेत का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ‘नक्की’ म्हणणाऱ्या माणसाकडून एकही तिकीट घेऊ नका, हे आधी सांगते. स्पेनमध्ये फोरम फिलातेलिको आणि अफिन्सा या दोन कंपन्या तिकिटांच्या नावावर लोकांकडून पैसे घेऊन बँकेपेक्षा जास्त परतावा देत होत्या. मे 2006 मध्ये पोलिसांनी दोन्हींना टाळं लावलं. लाखो साध्या घरांची पुंजी त्यात अडकली. तिकिटांना कंपनीने कागदावर जी किंमत लावली होती, ती उघड्या बाजारात कुणी देणार नव्हतं. तुम्ही बँकेत आयुष्य काढलंय, यापुढचं तुम्हाला सांगायला नको.

आता ते पिवळं तिकीट. 1855 साली स्वीडनने पहिली तिकिटं काढली. त्यातलं 3 स्किलिंगचं (स्किलिंग म्हणजे तिथलं जुनं चलन) हिरवं असायला हवं होतं. एक मात्र 8 स्किलिंगच्या पिवळ्या रंगात छापलं गेलं. बाकमान नावाच्या शाळकरी मुलाला ते आजीच्या घरात जुन्या पत्रांवर सापडलं आणि त्याने ते स्टॉकहोमच्या एका व्यापाऱ्याला 7 क्रोनरला विकलं. पुढे ते फेरारीसारख्या बड्या संग्राहकाकडे, मग रुमानियाचा राजा कॅरोल दुसरा याच्याकडे गेलं. 1996 साली लिलावात त्याला 28 लाख 70 हजार स्विस फ्रँक आले. मधल्या काळात, 1970 च्या दशकात, स्वीडनच्या टपाल संग्रहालयाने ते बनावट ठरवलं होतं. पुन्हा तपासण्या झाल्या तेव्हा ते खरं ठरलं. असं तिकीट जगात आजवर एकच सापडलंय. त्याच्या भावाचा तुमच्या 4 लाखांशी काडीचा संबंध नाही.

तुमच्या आवाक्यातली तिकिटं म्हणजे डेन्मार्कचं 1851 चं तपकिरी 4 रिग्सबँक स्किलिंग, नॉर्वेचं 1855 चं निळं, सिंहाचं 4 स्किलिंग. ही दोन्ही त्या-त्या देशाच्या पहिल्यावहिल्या तिकिटांतली, मात्र दुर्मिळ म्हणावीत अशी नव्हेत. खरी दुर्मिळता असते ती त्यांच्या अवस्थेत. दोन्हींच्या कडेला फाडण्यासाठीची छिद्रं नव्हती, टपाल कारकून कात्रीने कापून देत. त्यामुळे चारही बाजूंनी मोकळी किनार राहिलेलं तिकीट कमी, आणि एका बाजूने चित्राला कात्री लागलेली ढीगभर. डॅनिश तिकीट भिंगाखाली धरा. तपकिरी छपाईच्या मागे पिवळसर, नागमोडी रेषांची बारीक जाळी दिसते. नक्कल रोखायला ती मुद्दाम आधी छापून घेत. कुणी तिकीट डाग काढण्यासाठी रसायनात बुडवलं असेल तर ही जाळी फिकी पडलेली असू शकते. म्हणून तिकीट कितीही स्वच्छ दिसलं तरी मी आधी जाळीच बघते.

तिथल्या संग्राहकांचं खरं वेड आहे शिक्क्याचं. गावाचं नाव आणि तारीख पूर्ण वाचता येईल असा सरळ, अगदी मधोमध बसलेला शिक्का असेल तर त्याला डेन्मार्कमध्ये ‘लक्स’ म्हणतात. एरवी मुठीने मिळणारं तिकीट अशा शिक्क्याने कितीतरी पट महाग होतं. फिनलंडच्या 1860 नंतरच्या, नागमोडी कापलेल्या तिकिटांतही तेच : कडेचे लांब दात सहज तुटतात, एकही दात न तुटलेलं तिकीट मिळालं तर लोक तुटून पडतात. म्हणजे पैसे तिकिटाच्या दिसण्याला मिळतात, कॅटलॉगमधल्या, म्हणजे तिकिटांच्या भावयादीतल्या, क्रमांकाला नाही. फासिट हा स्वीडिश कॅटलॉग जरूर घ्या, पण त्यातले भाव निर्दोष प्रतींचे असतात. माल्मोच्या पोस्टिल्योनेन किंवा कोपनहेगनच्या ब्रून रासमुसेन या लिलावगृहांच्या झालेल्या लिलावांचे आकडे त्याशेजारी ठेवून पाहा.

हिशोब असा मांडा. समजा, लिलावात बोली 1 लाखावर थांबली आणि खरेदीदाराकडून 20 टक्के कमिशन घेतलं, तर तुमचे 1 लाख 20 हजार गेले. विकताना 15 टक्के कापले, तर त्याच बोलीला हातात 85 हजार येतात. नुसतं बरोबरीत यायलाच बोली साधारण 41 टक्के वर जायला हवी. सोन्याच्या दागिन्याची घडणावळ बुडते, तसाच हा खर्च बुडतो. तिकीट इथे मागवलंत तर सीमाशुल्क वेगळं. ते आधी विचारून घ्या.

पुढे विकायला निघाल तेव्हा घेणारा कोण असेल, हाही प्रश्न आहे. पोस्टनॉर्ड या तिथल्या सरकारी टपाल कंपनीने 2025 च्या अखेरीस डेन्मार्कमध्ये पत्रं वाटणं बंद केलं. 1624 पासून चालत आलेलं काम थांबलं. तिथली आजची मुलं तिकीट चिकटवायला कुठे शिकणार? मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि गुंतवणूक म्हणून विचार करताना ते डोळ्यांआड करता येत नाही.

म्हणून माझा सल्ला : 4 लाख नको, 30-40 हजारांत सुरुवात करा. एक देश, एकच काळ निवडा. मला विचाराल तर डेन्मार्कची 1851 नंतरची स्किलिंग तिकिटं. महागडं तिकीट मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या सर्टिफिकेटशिवाय घेऊ नका, आणि सर्टिफिकेटवरचा फोटो हातातल्या तिकिटाशी शिक्क्याच्या प्रत्येक रेषेनिशी जुळवा. लिलावाआधी तिकिटं पाहायला ठेवतात, तेव्हा मुलीला पाठवा. आणि रत्नागिरीत कोरी तिकिटं घेऊच नका. पावसाळ्यात मागचा डिंक ओला होऊन तिकीट कागदाला चिकटतं, तांबूस डाग पडतात आणि निम्मी किंमत तिथेच जाते. शिक्का मारलेली तिकिटं आपल्या हवेत त्या मानाने बरी टिकतात, शिवाय वाचायला गावांची नावं मिळतात.

प्रश्न : आजोबांच्या अल्बममध्ये डेन्मार्कचं 8 ओरेचं (ओरे म्हणजे तिथले पैसे) राखाडी-लाल तिकीट आहे. त्याची चौकट उलटी छापली आहे असं एका जाणकाराने सांगितलं. घबाड लागलं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. 1870 पासूनच्या या दुरंगी तिकिटांत चौकट आणि मधला भाग वेगवेगळे छापत. चौकट वर-खाली जवळजवळ सारखीच दिसते, त्यामुळे ती छापखान्यात वारंवार उलटी बसली. 8 ओरेचं उलट्या चौकटीचं तिकीट अगदी थोड्या पैशांत मिळतं. काही दर्शनी मूल्यांत मात्र उलट्या चौकटीची तिकिटं खरोखर कमी आहेत, तेव्हा अल्बममधली बाकीची दुरंगी तिकिटं भिंगातून पाहा, कोपऱ्यांतली वेलबुट्टी एकमेकांशी ताडून. तोवर एकही तिकीट अल्बममधून ओढून काढू नका. मागचा कागद नखाने सोलू नका.