सूत्रं पाठ आहेत, तरी बारावीची मॅग्नेटिझमची गणितं सुटत नाहीत. काय करू?

राग मानू नका, पण सूत्रं आमच्या क्लासच्या सरांनाही पाठ होती.

लातूरचा क्लास, एका बाकावर पाच जण. गणित असं: प्रोटॉन सेकंदाला 20 लाख मीटर वेगानं, अर्ध्या टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात काटकोनात शिरतो, 4 मायक्रोसेकंदांनी त्याचा स्पीड किती? सरांनी क्यूव्हीबी (प्रभार गुणिले वेग गुणिले क्षेत्र, म्हणजे बल) काढलं, वस्तुमानानं भागलं, आलेलं त्वरण थेट यू प्लस एटीत (सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले वेळ) घातलं. मी उभा राहिलो. "सर, बल वेगाला काटकोनात आहे, स्पीड बदलणारच नाही."

"बल आहे ना? मग त्वरण आहे. मग वाढणारच. बस खाली." वर्ग खिदळला. वर्षभर माझं नाव 'न्यूटन' पडलं.

आकडेमोड घरी करायला सांगितली होती. रात्री खोलीवर वहीच्या मागच्या पानावर ती केली, तर सेकंदाला 38 कोटी मीटर! प्रकाश जातो 30 कोटीनं. प्रोटॉन बिचारा जेमतेम 4.2 सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात गरगरत होता. तेवढ्या वेळात त्याच्या तीस फेऱ्या झाल्या, स्पीड तोच. सकाळी वही दाखवली. सरांनी पान पाहिलं, वही मिटून हातात दिली. "परीक्षेत असलं विचारत नाहीत."

तर, सूत्राआधी बाण काढा. वेगाचा, क्षेत्राचा, मग बलाचा. बल वेगाच्या रेषेत असेल तर स्पीड बदलतो, काटकोनात असेल तर नुसती दिशा वळते, गोफणीतल्या दगडासारखी. यू प्लस एटी चालतं ते त्वरण दिशेसकट कायम असेल तेव्हाच. इथं ती दिशा क्षणाक्षणाला फिरते. बलाची दिशा काढायच्या फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमात तर्जनी क्षेत्राची, अंगठा बलाचा आणि मधलं बोट प्रवाहाचं, म्हणून इलेक्ट्रॉन असेल तर ते त्याच्या वेगाच्या उलट धरायचं. निम्मी पोरं इथंच मार्क घालवतात. आणि ज्या क्लासमध्ये 'का' विचारलं की बसवतात, तिथली फी वाया गेली समजा.

हां, सोबत विद्युत क्षेत्रही दिलं असेल तर स्पीड बदलू शकतो, तेव्हा माझं वाक्य ठोकून देऊ नका. प्रोटॉन तिरका शिरला तर वर्तुळाऐवजी मळसूत्र होतं, पण स्पीड तरीही तोच. आणि पेपरात सूत्र आधी लिहाच, त्याचा मार्क मिळतो; एवढ्यापुरते सर बरोबर होते.

सर, वाचत असाल तर उत्तर 20 लाख.