भाचा १२ वर्षांचा आहे, गॉड ऑफ वॉर घेऊन देऊ का? म्हणतो ग्रीक पुराणं शिकायला मिळतील

नको देऊ अजून. १८ प्लसचा गेम आहे आणि ते उगाच लिहिलेलं नाही, मुंडकी उडतात, पोटं फाडतात, पहिल्या भागात तर नको ते सीनपण आहेत. आपल्याकडे पेडण्याला दशावतारात राक्षस मरताना पोरं बघतातच, पण ते वेगळं हो!

मी पहिला भाग (२००५ चा, प्लेस्टेशन २ वरचा) चवथीच्या सुट्टीत फोंड्याला मामेभावाकडे खेळलो, आजी आरतीला हाका मारतेय आणि आम्ही हायड्रा नावाच्या अनेक तोंडांच्या सापाशी झुंजतोय. स्टोरी मात्र जबरदस्त, क्रेटॉस हा स्पार्टाचा सेनापती, युद्धदेव एरिस त्याला फसवून त्याच्याच हातून बायको-मुलीला मारायला लावतो, त्यांची राख अंगाला चिकटते म्हणून तो पांढराफटक, मग सूड.

पुराणं शिकण्याचं म्हणशील तर अर्धवटच. मूळ ग्रीक कथांत क्रेटॉस म्हणजे बळाचं मूर्त रूप, देवांचा राजा झ्यूस याचा हुकूम मानणारा, माणसांसाठी अग्नी चोरणाऱ्या प्रोमिथियसला खडकाला जखडायला हाच हजर. वेडाच्या भरात स्वतःची पोरं मारली ती हेराक्लीसने (म्हणजे हर्क्युलीसने), बहुतेक गेमवाल्यांनी तिथूनच उचललं असणार.

२०१८ चा भाग शांत आहे, बापलेकाचा, पण तो नॉर्स म्हणजे उत्तर युरोपातल्या पुराणांवरचा, ग्रीक नव्हे, आणि तोही मोठ्यांसाठीच.